खडकीचें युद्ध-कबरस्थान व नांवाचा मान

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांकरितां पाठ)

पुणें शहरानजीक खडकी येथें एक कबरस्थान आहे. तेथें दगड सरळ ओळींनीं मांडलेले असून सभोंवार हिरवळ व फुलझाडें राखलेलीं आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मरण पावलेल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी त्या एका आवारांत आहेत. कामानिमित्त पुण्यास जाणारे आमचे पुष्कळ वाचक त्या वाटेनें गेले असतील. परंतु आंत कोण निजले आहेत, त्यांच्या दगडांत थोर व लहान असा भेद कां दिसत नाहीं, आणि इतक्या वर्षांनंतरही तीं नांवें कोण व कशासाठीं जपतो, हें फारसें कोणाच्या कानीं आलेलें नसेल. म्हणून प्रस्तुत पाठांत या कबरस्थानाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें कोणीं समजूं नये. आपल्या खेड्यांतून कोणाचा पणजा पहिल्या महायुद्धांत, कोणाचा आजा दुसऱ्या महायुद्धांत, पलटणींत शिपाई म्हणून, खेंचरें हांकण्यास, किंवा हमाल व डोलीवाला म्हणून गेलेला आहे. त्यांतील कांहीं परत आले, कांहीं आले नाहींत. जे आले नाहींत त्यांचें नांव कोठें लिहिलेलें आहे काय? हा प्रश्न त्या घरांस आजही विचारतां येतो. परंतु त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं नांव लिहिण्याची ही रीत कशी उत्पन्न झाली, ती कोठें पाळली गेली व कोठें मोडली गेली, हें समजून घेतलें पाहिजे.

१. तेथें कोण आहेत

दुसऱ्या महायुद्धांत खडकीस लढाई झाली नाहीं. तेव्हां इतके सैनिक तेथें कसे, असें पहिल्यानेंच मनांत येतें. याचें उत्तर असें कीं, शिपाई केवळ गोळीनेंच मरतो असें नाहीं. ज्वर, आमांश, अपघात, जुनी जखम, अशा कारणांनीं छावणींत व इस्पितळांत पुष्कळ मरण पावतात, व त्यांस त्या त्या ठिकाणच्या कबरस्थानांत मूठमाती दिली जाते. पुढें युद्ध संपतें, छावणी उठते, पलटण निघून जाते, आणि कबरीवर गवत माजतें. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत ज्या ठिकाणीं अशा कबरींची कायमची निगा राहील अशी खात्री नव्हती, तेथील कबरी एका जागीं आणून राखाव्या, याच हेतूनें खडकीचें कबरस्थान करण्यांत आलें.

त्याच आवारांत पहिल्या महायुद्धाचें, म्हणजे १९१४ ते १९१८ चें, एक स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक नांवें आहेत. हे लोक त्या युद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत वारले, आणि आज ज्यांस भारत व पाकिस्तान म्हणतात त्या दोन्ही देशांतील शहरांच्या व छावण्यांच्या कबरस्थानांत पुरले गेले. परंतु पुढें त्यांच्या कबरींची नीट निगा राखतां येईना. कबर राखतां येत नसेल तर नांव तरी राखावें, म्हणून तीं येथें लिहिण्यांत आलीं. यांपैकीं ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी कबरस्थानांतून जून १९६२ मध्यें खडकीस आणून पुन्हां पुरण्यांत आले.

आणखी एक स्मारक तेथें आहे, त्याकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. त्यावर दुसऱ्या महायुद्धांतील पूर्व व पश्चिम आफ्रिकेच्या सैन्यांतील १९३ जणांचीं नांवें आहेत. ब्रह्मदेशांत जपानी सैन्याशीं लढण्याकरितां आफ्रिकेंतून पलटणी आल्या होत्या. आराकानच्या डोंगराळ जंगलांत ८१ वी व ८२ वी पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन लढली, आणि कबाव खोऱ्यांत ११ वी पूर्व आफ्रिकन डिव्हिजन लढली. हे १९३ जण मात्र हिंदुस्थानांत जेथें प्रत्यक्ष लढाई नव्हती अशा भागांत निरनिराळ्या ठिकाणीं वारले. त्यांच्या आईबापांनीं पुण्याचें नांवही बहुधा ऐकलें नसेल. तथापि त्यांच्या मुलांचीं नांवें आज पुण्यापाशीं वाचावयास मिळतात. ही गोष्ट मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

२. थोरास व लहानास एकच दगड

जुन्या काळीं लढाईंत पडलेल्या साध्या शिपायास स्वतंत्र कबर क्वचितच मिळे. पुष्कळांना मिळून एक खड्डा, व त्यावर माती, इतकेंच. अधिकाऱ्याचें मात्र नांव राही. त्याच्या घरचे किंवा सोबती उपासनामंदिराच्या भिंतींत संगमरवरी फलक बसवीत. मुंबईचें सेंट थॉमस कथीड्रल ज्यांनीं आंतून पाहिलें आहे त्यांनीं असे फलक पाहिले आहेत.

आपल्याच मुलुखांत याला एक जुना अपवाद आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पुण्याच्या ईशान्येस भीमा नदीच्या कांठीं कोरेगांव येथें १ जानेवारी १८१८ रोजीं कंपनी सरकारच्या व पेशव्यांच्या फौजांत लढाई झाली. तिच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूनें पडलेल्या ४९ जणांचीं नांवें आहेत. त्यांतील २२ नांवांच्या शेवटीं 'नाक' हें पद असल्यामुळें ते महार शिपाई होते हें कळतें. ज्यांची वस्ती गांवकुसाबाहेर होती, त्यांचीं नांवें अशा रीतीनें दगडावर राहिलीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं त्या स्तंभापाशीं गेले, आणि तेव्हांपासून तो दगड लक्षावधि लोकांस आपल्या पूर्वजांची साक्ष वाटत आला आहे. लढाई कोणाची व कोणाविरुद्ध, यावर लोक वाद करोत. परंतु तीं २२ नांवें कोणीं लिहिलीं नसतीं, तर त्या माणसांविषयीं आज कोण काय सांगूं शकला असता?

आतां सर्व शिपायांचीं नांवें लिहिण्याचा नियम कसा झाला तें पाहूं. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां फेबियन वेअर नांवाचे गृहस्थ ब्रिटिश रेडक्रॉसच्या एका मोटारपथकाचे प्रमुख म्हणून फ्रान्सांत होते. त्यांच्या लक्षांत आलें कीं, शिपाई पुरले जातात, परंतु कोण कोठें पुरला याची नीट नोंद ठेवण्याची सोय नाहीं. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं हें काम अंगावर घेतलें. त्यांतूनच २१ मे १९१७ रोजीं राजाच्या सनदेनें साम्राज्य युद्धकबर मंडळ स्थापन झालें. १९६० पासून त्यास राष्ट्रकुल युद्धकबर मंडळ म्हणतात. ब्रिटन, कानडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व भारत, या सहा देशांचीं सरकारें त्याचा खर्च चालवितात, आणि दोन्ही महायुद्धांतील सुमारें १७ लक्ष मृतांचें स्मरण राखणें हें त्याचें काम आहे. खडकीचें कबरस्थानही त्याच मंडळाकडे आहे.

१९१८ सालीं ब्रिटिश म्यूझियमचे प्रमुख सर फ्रेडरिक केन्यन यांनीं मंडळाकरितां एक अहवाल लिहिला. त्यावरून जे मुख्य नियम ठरले ते येणेंप्रमाणें:

(१) प्रत्येक मृताचें स्मरण त्याच्या नांवानें व्हावें. कबर असेल तर कबरीवर, नसेल तर स्मारकावर.

(२) तें स्मरण कायमचें असावें.

(३) दगड सर्वांचे एकसारखे असावे.

(४) हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करूं नये.

दगडाचें नेहमींचें माप उंचीस २ फूट ८ इंच, रुंदीस १ फूट ३ इंच व जाडीस ३ इंच असें ठरलें. जनरलाकरितांही हेंच माप, आणि स्वयंपाक्याकरितांही हेंच. दगडावर नांव, नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूचा दिवस व ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणें चिन्ह, इतकें लिहावयाचें.

हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु त्या वेळीं हा नियम पुष्कळांच्या काळजास लागला. १९१५ सालीं माजी मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्सांत मारला गेला, तेव्हां घराणें वजनदार असल्यामुळें त्याचें प्रेत खास परवानगीनें घरीं नेण्यांत आलें. त्यानंतर लवकरच, कोणाचेंही प्रेत मायदेशीं नेऊं नये, अशी बंदी करण्यांत आली. ही बंदी युद्ध संपल्यावरही उठली नाहीं. लेडी फ्लॉरेन्स सेसिल या बाईंचे तीन मुलगे त्या युद्धांत पडले होते. त्यांच्या पुढाकारानें १९१९ सालीं ८,००० हून अधिक सह्यांचा एक अर्ज करण्यांत आला. आमच्या मुलांच्या कबरींवर साध्या दगडाऐवजीं निदान क्रूस तरी असूं द्या, असें त्यांत मागणें होतें. ४ मे १९२० रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत या विषयावर मोठा वाद झाला, व शेवटीं मंडळाचाच नियम कायम राहिला.

वाचकहो, येथें घाईनें न्याय करूं नये. आपल्या मुलाच्या कबरीवर कोणती खूण असावी हें ठरविण्याचा हक्क आईला नसावा, ही गोष्ट कठीणच आहे. तें मागणें खोटें नव्हतें. परंतु दुसरी बाजू अशी कीं, प्रेत घरीं आणावयाची मोकळीक दिली असती तर ज्याच्याजवळ पैसा तोच आपला मुलगा आणता. हवा तसा दगड घालावयाची मोकळीक दिली असती तर एकाच ओळींत एका कबरीवर संगमरवरी छत्री दिसली असती, आणि शेजारीं खाणींतल्या मजुराच्या मुलाच्या कबरीवर लांकडाची कुजलेली पाटी. ते दोघे एका खंदकांत एकाच दिवशीं पडले असतां मरणानंतर त्यांस पुन्हां श्रीमंत व गरीब असें वेगळें करणें मंडळास योग्य वाटलें नाहीं.

आणि समतेचा नियम करणाऱ्यांच्या हातूनही विषमता कशी निसटून जाते, याचें एक लहानसें उदाहरण याच ठिकाणीं आहे. दगडाच्या तळाशीं घरच्यांनीं आपले कांहीं शब्द लिहवावे अशी सवलत होती. अक्षरें व मधल्या रिकाम्या जागा मिळून ६६ ची मर्यादा होती. परंतु पहिल्यानें दर अक्षरास साडेतीन पेन्स मागण्यांत आले. गरीब विधवेनें मग किती अक्षरें लिहवावीं? पुढें ही रक्कम ऐच्छिक करण्यांत आली. न्यूझीलंडच्या सरकारानें तर, यानें समता मोडते म्हणून, आपल्या शिपायांच्या दगडांवर असे शब्द मुळींच घालूं दिले नाहींत.

३. ज्यांची कबर सांपडत नाहीं

तोफांच्या माऱ्यांत पुष्कळांचे देह ओळखतां आले नाहींत, पुष्कळांचे सांपडलेच नाहींत. मंडळाच्या कामांत शब्दांची निवड करण्याकरितां रड्यार्ड किपलिंग या ग्रंथकारांस नेमलें होतें. त्यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन १९१५ सालीं लूसच्या लढाईंत वयाच्या १८ व्या वर्षीं नाहींसा झाला, व बापाच्या हयातींत त्याची कबर सांपडली नाहीं. ज्या दगडांवर नांव लिहितां येत नाहीं त्यांवर, हा कोण तें देवास ठाऊक, अशा अर्थाचे जे शब्द असतात, ते याच पित्यानें निवडलेले आहेत. मोठ्या कबरस्थानांतून वेदीसारखी जी अखंड शिळा दिसते तिचा आराखडा एडविन लटयन्स यांनीं केला. तिच्यावर मृतांच्या नांवाच्या चिरकालपणाविषयीं जें वचन असतें, तेंही किपलिंग यांनींच सिराखाच्या पुस्तकांतून निवडलें. हें पुस्तक आपल्या बायबलांत सहसा छापलेलें नसतें.

देह नसतां नांव कोठें ठेवावें, याचें उत्तर मोठ्या स्मारकांनीं दिलें आहे. आपल्या कोंकणांतील एक उदाहरण घेऊं. नाईक यशवंत घाडगे हे त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील पळसगांवचे. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ ऱ्या बटालियनमध्यें होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर जवळूनच मशीनगनचा मारा झाला, व तुकडीचे नायक तेवढे वांचून बाकीचे सर्व पडले किंवा जखमी झाले. नायक म्हणजे स्वतः घाडगे. ते एकटे त्या मशीनगनवर धांवून गेले, ती बंद पाडिली, आणि तेथेंच दुसऱ्या बाजूनें आलेल्या गोळ्यांनीं मरण पावले. वय २२ वर्षें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु त्यांची कबर ठाऊक नाहीं. त्यांचें नांव इटलींत कासिनो येथील स्मारकावर आहे. तेथें त्यांच्यासारख्याच, कबर नसलेल्या ४,००० हून अधिक जणांचीं नांवें आहेत. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यास तेथें निराळी शिळा नाहीं. तो इतरांच्या ओळींत आहे.

ज्या हिंदु व शीख शिपायांचें त्यांच्या धर्माप्रमाणें दहन झालें, त्यांची कबर नसणारच. त्यांच्यासाठीं दहन-स्मारकें केलीं. इटलींत अशीं तीन आहेत: सांग्रो नदीच्या कबरस्थानांत, फोर्ली येथें व रिमिनी येथें. सांग्रो येथील स्मारकावर ५०० हून अधिक हिंदी सैनिकांचें स्मरण आहे. कोणाचा देह मातींत गेला, कोणाचा अग्नींत. नांवाचा मान दोघांसही सारखाच.

४. नियम कोठें मोडला

येथवर वाचून कोणास वाटेल कीं हा इतिहास सरळ व गोड आहे. तसा तो नाहीं, आणि आपल्या लोकांस याचा पुढचा भाग विशेष कळला पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं सहावी डिव्हिजन, जिला पुणें डिव्हिजन म्हणत, मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, धाडण्यांत आली. तिच्यांत १०३, ११० व ११७ या नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन बगदादच्या जवळपर्यंत जाऊन मागें हटली, व कुत या गांवीं ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडली. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजीं तिनें शस्त्रें खालीं ठेविलीं. वेढ्यांत, लढायांत, रोगानें व पुढें कैदेंत हजारों मेले. ज्यांच्या कबरी ठाऊक नव्हत्या त्यांच्याकरितां १९२९ सालीं बसरा येथें मोठें स्मारक उघडण्यांत आलें. त्यावर ब्रिटिश अधिकारी व ब्रिटिश शिपाई यांचीं नांवें आहेत; हिंदी अधिकाऱ्यांचींही आहेत. परंतु हिंदी शिपाई, नाईक व हवालदार यांचीं नांवें त्या दगडावर नाहींत. अमुक पलटण, व तिचे इतके लोक, असा केवळ आंकडा तेथें घातला. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूंचा शिपाई आपल्या पलटणीच्या नांवाखालीं एक संख्या होऊन राहिला.

आफ्रिकेंत याहून वाईट झालें. तेथें ओझीं वाहण्याकरितां नेलेल्या मोठ्या जमावांपैकीं असंख्य लोक भूक, रोग व श्रम यांनीं मेले, व त्यांची कबरही राखली नाहीं, नांवही लिहिलें नाहीं. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील गव्हर्नरानें १९२३ सालीं असें मत दिलें कीं, तेथील सामान्य माणसास कबरीवरच्या दगडाचा अर्थ कळणार नाहीं व त्याची किंमतही वाटणार नाहीं.

या शब्दांपाशीं थोडें थांबावें. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणीं अशीं आहेत कीं, ज्यांच्या वडिलांस गांवांत पिढ्यानपिढ्या पुऱ्या नांवानें कोणी हांक मारली नाहीं. जातीच्या किंवा कामाच्या नांवानेंच बोलाविलें. या लोकांस मानाचें काय कळतें, असें त्यांच्याविषयींही बोललें गेलें आहे. परंतु लेंकराच्या नांवाची किंमत कळत नाहीं अशी आई कोणत्या देशांत आहे? अक्षर वाचतां न येणारी म्हातारी देखील मुलाच्या नांवाच्या अक्षरांवरून बोट फिरवील, आणि तें कोठें सुरू होतें व कोठें संपतें हें विचारून घेईल. न कळण्याचा दोष गव्हर्नराकडे होता.

पुष्कळ वर्षें हें झांकून राहिलें. २२ एप्रिल २०२१ रोजीं युद्धकबर मंडळानें आपल्याच कामाची चौकशी करून केलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, पहिल्या महायुद्धांतील अंदाजें ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण इतरांच्या बरोबरीनें केलें गेलें नाहीं. ते मुख्यत्वें आफ्रिका, हिंदुस्थान व आसपासच्या देशांतील होते. आणखी निदान १,१६,००० व कदाचित् ३,५०,००० पर्यंत लोकांचें नांवानें स्मरण झालें नाहीं, किंवा मुळींच झालें नाहीं. ते बहुतेक पूर्व आफ्रिका व इजिप्त येथील होते. याच्या मुळाशीं त्या काळच्या राज्यकर्त्यांचे पूर्वग्रह होते, हें अहवालानें मान्य केलें. मंडळानें क्षमा मागितली, व ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनींही त्याच दिवशीं पार्लमेंटांत क्षमा मागितली.

उशिरा कां होईना, कांहीं ठिकाणीं दुरुस्ती होत आहे. इंग्लंडांत ब्रायटनजवळच्या टेंकडीवर पहिल्या महायुद्धांतील ५३ हिंदु व शीख शिपायांचें दहन झालें होतें. त्या जागीं १९२१ सालीं संगमरवरी छत्री उभारली. परंतु त्या ५३ जणांचीं नांवें तेथें दगडावर कोरलीं जावयास २०१० साल उजाडलें. दक्षिण आफ्रिकेंत केप टाउन येथें जानेवारी २०२५ मध्यें १,७०० हून अधिक कृष्णवर्णी कामगार-सैनिकांचें स्मारक उघडलें, आणि तेथें प्रत्येकाच्या नांवाचा निराळा लांकडी खांब आहे.

आतां खडकीच्या त्या १९३ आफ्रिकन नांवांकडे पुन्हां पहावें. दुसऱ्या महायुद्धानंतर जें खडकीस करतां आलें, तें पहिल्यानंतर आफ्रिकेंत व बसऱ्यास अशक्य होतें असें म्हणतां येत नाहीं. नांवें मिळविण्यास कष्ट पडले असते, हें खरें. परंतु ब्रिटिश शिपायांचीं नांवें मिळविण्यासही कष्ट पडलेच होते, व ते केले गेले. तरी यावरून १९१८ चा नियमच खोटा होता असें कोणीं म्हणूं नये. तो चांगला होता, म्हणूनच शंभर वर्षांनंतर त्याच नियमानें नियम मोडणाऱ्यांस दोषी ठरविलें.

५. आपण काय करावें

नहेम्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत यरुशलेमेचा तट बांधणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. वाचतांना आपण ती बहुधा सोडून देतों. परंतु अमक्यानें अमुक दरवाजा बांधला व त्याच्या पुढला भाग तमक्यानें, असें नांव घेऊन लिहिणाऱ्यानें तें व्यर्थ लिहिलें नाहीं. आपल्या मंडळींतही असें लिहिणारा कोणी असावा. त्याकरितां उपदेशक बंधूंनीं पुढील चार गोष्टी कराव्या अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, मंडळीची मूठमातीची नोंदवही. तींत मृताचें पुरें नांव, बापाचें नांव, गांव, वय, तारीख व आवारांत कबर कोठें आहे ती खूण, इतकें तरी लिहावें. स्त्रियांची नोंद 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' अशी करून सोडूं नये. तिचें स्वतःचें नांव विचारून लिहावें. तान्ह्या मुलांचेंही लिहावें. बसऱ्याच्या स्मारकाविषयीं वाचून आपणांस राग येतो. मग आपल्याच वहींत तोच अन्याय नसावा.

दुसरी गोष्ट, कबरस्थानांतील मांडणी. एका घरानें मोठा चौथरा बांधावा व शेजारच्या गरिबाच्या कबरीवर कांटेरी फांदीही नसावी, हें शोभत नाहीं. पंचांनीं एकत्र बसून, निदान एक लहान एकसारखा दगड व त्यावर नांव, असा सर्वांकरितां ठराव करावा, व ज्यास झेपत नाहीं त्याचा खर्च मंडळीनें सोसावा.

तिसरी गोष्ट, घरांतील जुन्या वस्तु. पहिल्या महायुद्धांतील रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव व पलटण कोरलेली असते. त्या युद्धांत मेलेल्यांच्या घरीं ब्राँझची एक गोल चकती देत, तिच्यावर मृताचें नांव असे. हुद्दा मात्र मुद्दाम घातलेला नसे, कारण प्राण देण्यांत सर्व सारखे असें मानलें होतें. अशी वस्तु कोणाच्या पेटींत असेल तर ती सोनाराकडे वितळावयास देऊं नये, आणि मुलांच्या हातीं खेळावयास देऊं नये. कडेवरचीं अक्षरें वाचून वहींत उतरून घ्यावीं.

चौथी गोष्ट, चौकशी. ज्या घरचा माणूस त्या युद्धांतून परत आला नाहीं, त्या घरीं जाऊन सर्वांत वृद्ध माणसास विचारावें: त्याचें पुरें नांव काय, बापाचें काय, तो कोणत्या पलटणींत किंवा कोणत्या कामावर गेला, शेवटचें पत्र वा पैसे कोठून आले. मग युद्धकबर मंडळाच्या यादींत तें नांव शोधावें. ती यादी कोणासही खुली आहे. नांव नसेल व पुरावा असेल, तर तो मंडळाकडे धाडून नांव घालण्याविषयीं विनंती करतां येते. चूक असेल तर तीही कळवितां येते. विचारावयाचें तें लवकर विचारावें. कारण ज्यांस आठवतें ते दरवर्षीं कमी होत आहेत.

शेवटीं एक सावधगिरीचा शब्द. अशा कबरस्थानांत दगड नीट मांडलेले असतात व फुलें टवटवीत असतात; तें पाहून युद्ध सुंदर आहे असें मुलांस वाटूं देऊं नये. दगडांवरील वयें वाचून दाखवावीं. वीस, बावीस, एकोणीस, अशीं तीं पुन्हां पुन्हां येतात. मग त्या पोरांच्या आया कोणत्या गांवीं वाट पाहत बसल्या असतील, हें मुलांनींच सांगावें.

अभ्यासवर्गाकरितां प्रश्न

१. खडकीस लढाई झाली नसतां तेथें १,६६८ सैनिकांच्या कबरी कां आहेत?

२. प्रेत घरीं नेण्याची बंदी योग्य होती काय? आईच्या बाजूनें व नियमाच्या बाजूनें, दोन्हीकडून उत्तर द्या.

३. बसऱ्याच्या स्मारकावर कोणाचीं नांवें आहेत, व कोणाचीं नाहींत?

४. साध्या माणसास कबरीवरच्या दगडाची किंमत कळत नाहीं, या म्हणण्यास आपल्या घरच्या अनुभवावरून काय उत्तर द्याल?

५. आपल्या मंडळींतून युद्धावर गेलेल्यांपैकीं किती जणांचीं नांवें आज आपणांस सांगतां येतात? पुढल्या बैठकीस तीं लिहून आणा.